सोमवारची बॅटरी

हडपसरहून मुंढव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही वर्षांपूर्वीपर्यंत ऊस उभा असायचा. तिथे आता आयटीवाल्यांसाठी सात-सात मजल्यांच्या इमारती झाल्या होत्या. त्यांतल्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर, वेणूबाई आपल्या मुलाकडे राहत. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला प्राथमिक शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं. नवरा, रंगराव, गेल्यावर एकुलत्या एका मुलाने, अभिनवने, हट्टाने त्यांना पुण्याला आणलं. अभिनव जवळच्याच एका कंपनीत होता आणि मोटरसायकलवर जायचा. सून रुपाली मात्र पार हिंजवडीला नोकरीला. शहराचं एक टोक ते दुसरं टोक. म्हणून तिने स्वतःच्या पगारातून एक छोटी पांढरी गाडी घेतली होती.

आणि ती गाडी सोमवारी सुरू होत नव्हती.

दर सोमवारी नाही, पण एखादा सोमवार सोडून. रुपालीचा क्लायंट जपानचा. त्यांचा दिवस आपल्या आधी उजाडतो, त्यामुळे सोमवारची मीटिंग सकाळी सातला. रुपाली अंधुक उजेडात खाली उतरायची, गाडीवरचं कापडी कव्हर काढायची, किल्ली फिरवायची आणि इंजिनातून नुसतं कट-कट-कट असं ऐकू यायचं. पालीने चुकचुकावं तसं. वेणूबाई गॅलरीत उभ्या असायच्या. तो आवाज त्यांना वरपर्यंत ऐकू यायचा.

मग अभिनव खाली यायचा. चपला फटफटत, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर हसू. "काय मॅडम, गेली का पुन्हा? थांब, मी आहे ना." शेजारच्यांना उठवून त्यांच्या बॅटरीवरून केबल जोडून गाडी सुरू करायची, नाहीतर सरळ रुपालीला मोटरसायकलवर मागे बसवून हिंजवडी गाठायची. तिला थंडी वाजू नये म्हणून आपलं जॅकेट काढून द्यायचा. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. काही केलं तरी रुपालीला पोहोचायला उशीर व्हायचाच. ती आत शिरेपर्यंत जपानी माणसांनी अर्धी मीटिंग उरकलेली असायची. उशीर झाल्याबद्दल ती माणसं रागावत नसत, पण विसरतही नसत.

गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून दिली. दुसऱ्याने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर खोलून पुन्हा बसवला. तिसरा म्हणाला, गाडीला वापर कमी पडतो. पुढच्याच सोमवारी पुन्हा कट-कट-कट.

"पुरे झालं," रुपाली एका शनिवारी म्हणाली. "आता मीच बघते." ती बुधवार पेठेत गेली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीतून एक पिवळा मीटर घेऊन आली, आणि बॅटरी घरच्या घरी कशी तपासायची ते इंटरनेटवर वाचून काढलं. रविवारी सकाळी ती सासूला म्हणाली, "आई, खाली येता का? मी किल्ली फिरवीन तेव्हा आकडे कुणीतरी वाचायला हवेत."

"मी चवथीला गणित शिकवलं आहे," वेणूबाई म्हणाल्या. "आकडे वाचता येतात मला."

पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्यांचा आंबूस वास भरून राहिला होता. वेणूबाईंनी पदर नाकाला लावला. रुपालीने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखा थर साचला होता, शिळ्या भाकरीवर येते तसा. वेणूबाईंना बघवेना. रुपालीने तारा सोडवल्या, गरम पाण्यात सोडा घालून तो थर ब्रशने घासून काढला, टर्मिनल कोरडी करून पुन्हा घट्ट आवळली. बॅटरीतलं पाणी पाहिलं, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बोटाने दाबून पाहिला. सगळं ठीक होतं.

"आता वाचा."

मीटरच्या दोन पिना बॅटरीला लावून वेणूबाई आकडे वाचू लागल्या. गाडी बंद असताना बारा पूर्णांक सहा व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. रुपालीने किल्ली फिरवली तेव्हा आकडा दहाच्या वर अडला आणि इंजिन लागलं. म्हणजे बॅटरीत जोर आहे. इंजिन चालू असताना चौदाच्या वर. म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. शेवटी गाडी बंद करून, सगळी दारं लावून, रुपालीने बॅटरीची तार सोडवून मीटर मध्ये जोडला. गाडी नुसती उभी असताना वीज कुठे गळते का, ते बघायला.

"अगदी नगण्य," ती आकडा बघून म्हणाली. "नुसतं घड्याळ चालण्यापुरती. एवढ्याने बॅटरी उतरायला महिना लागेल."

"मग जाते कुठे?"

रुपालीने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

अभिनव चहाचा कप घेऊन खांबाला टेकून उभा होता. "तुम्ही दोघींनी गॅरेजच काढा," तो हसत म्हणाला. "रुपा, अगं रविवारी गाडी उभीच असते. उभी राहून उतरते ती. सोपं आहे."

"पंधरा ऑगस्टच्या वेळी सलग चार दिवस उभी होती," रुपाली म्हणाली. "बुधवारी पहिल्या फटक्यात सुरू झाली."

अभिनवने चहाचा घोट घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण गाडी धुवायला किल्ली संपतकडे असते ना? एकदा त्याला आत बसलेलं पाहिलं होतं मी. गाणी लावून."

संपत म्हणजे सोसायटीचा वॉचमन, सासवडकडच्या एका खेड्यातला. पहारा करून सकाळी चार गाड्या धुवायचा. वेणूबाईंना वरपर्यंत पिशव्या आणून द्यायचा. रुपालीने त्याला हळूच विचारून बघते असं म्हटलं, पण अभिनव तोवर सेक्रेटरींच्या कानावर घालून आलासुद्धा. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त अधिकारी, बोलणं मोजकं. "गाडीत बसून गाणी ऐकणारा पहारेकरी आम्हाला परवडत नाही," ते म्हणाले, आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या एजन्सीचा माणूस गेटवर बसला.

जाण्याआधी संपत वर आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"मावशी, म्या गाडीत बसलो न्हाई. आईच्यान सांगतो. किल्ली तर म्या धुऊन झाली की लगेच वर आणून देतो."

अभिनव आत जेवत होता. तिथूनच म्हणाला, "जाऊ दे रे संपत. माणसाकडून होते चूक. माझ्या मनात काही नाही."

त्याने असं माफ करून टाकलेलं वेणूबाईंना का कोण जाणे, रुचलं नाही. आवाज प्रेमळ होता, शब्द चांगले होते, तरी गुळाला मुंग्या लागलेल्या दिसाव्यात तसं त्यांना वाटलं. संपत जिना उतरून गेला.

त्यानंतर बरेच सोमवार गाडी नीट सुरू झाली. अभिनव म्हणायचा, "बघितलंस?" रुपाली रविवारी रात्री मीटर लावून बघायची. तिच्या कंपनीत एक गोष्ट चालली होती. जपानला सहा महिन्यांसाठी टीमचा प्रमुख पाठवायचा होता, आणि नाव जवळजवळ रुपालीचं ठरलं होतं. अभिनवने स्वतःच्या कंपनीत परदेशासाठी दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा त्याचं नाव मागे राहिलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. रुपालीचं जपानचं कळलं तेव्हा त्याने पेढे आणले, आईच्या हातावर ठेवले. मग ज्या सोमवारी ते पक्कं व्हायचं होतं, त्याच सोमवारी गाडी सुरू झाली नाही.

रुपाली त्या दिवशी कुणासाठी थांबली नाही. घाईघाईने बॅटरीला मीटर लावून पाहिला आणि कव्हर तसंच जमिनीवर टाकून ती रस्त्याकडे धावत गेली, मिळाली ती रिक्षा धरली. वेणूबाई गॅलरीतून बघत राहिल्या. आत आल्या तर ओट्यावर दुधाच्या पिशव्या होत्या.

त्या पिशव्यांकडे बघत त्या थबकल्या. दूध रोज त्या आणत. अभिनवला सकाळी हलवून उठवावं लागे, आणि अलार्म झाला तरी तो कूस बदले. पण गाडी न सुरू होण्याच्या सकाळी दूध त्याने आणलेलं असे. त्यांनी एक एक सोमवार आठवून पाहिला. आठवत गेल्या तशी अंगावर शहारे आल्यागत शिसारी पसरत गेली. नाही, असं नसेल, त्या स्वतःला म्हणाल्या. आपल्याच पोरावर असा संशय घेणाऱ्या मनाचीच त्यांना आधी किळस आली.

संध्याकाळी रुपाली परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. जपानचं तिच्या हाताखालच्या माणसाला मिळालं होतं. "वक्तशीर आहे म्हणाले," एवढंच तिने सांगितलं. अभिनवने तिच्या खांद्याभोवती हात टाकला. "सोड गं. आपण आहोत ना एकमेकांना." आणि तो तिच्यासाठी आल्याचा चहा करायला गेला.

तो स्वयंपाकघरात असताना वेणूबाईंनी सुनेला विचारलं, "एका रात्रीत पूर्ण बॅटरी उतरायची, तर काय करावं लागतं?"

रुपाली खाली बघत म्हणाली, "मी काल रात्री जेवणाआधी मोजली होती. बारा पूर्णांक सहा. सकाळी बॅटरी आठ व्होल्टवर होती. एवढी उतरायची तर गाडीचे सगळे छोटे दिवे रात्रभर लागायला हवेत. पुढचे, मागचे, आतला."

"कव्हर असल्यावर बाहेर सहज दिसत नाहीत ते."

"नाही."

"आणि तू गेलीस तेव्हा लागलेले होते?"

"नाही, आई. बंद होते." ती थांबली. "म्हणजे कुणीतरी लावायला हवेत, आणि मी जायच्या आत कुणीतरी बंदही करायला हवेत."

गाडीची दुसरी किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकत होती. दोघींनी तिच्याकडे पाहिलं, पण एकमेकींकडे पाहिलं नाही. आत अभिनव आलं ठेचत होता.

पुढच्या आठवड्यात रुपाली म्हणाली की जपानी मंडळी स्वतः पुण्याला येणार आहेत, आणि सोमवारी त्यांना काम ती दाखवणार आहे. जेवताना तिने हे सहज सांगितलं. अभिनव म्हणाला, "वा! मी सोडू का तुला?"

"नको, गाडी आहे की."

त्या सोमवारी वेणूबाई नेहमीपेक्षा लवकर उठून अंथरुणावर बसून राहिल्या. फटफटायला लागलं होतं. दाराची कडी अगदी हळू सरकल्याचा आवाज आला. त्यांनी जिन्यावर पायांचा आवाज दूर जाऊ दिला आणि अनवाणी खाली उतरल्या.

पार्किंगच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून रुपालीची गाडी उभी होती. कव्हरच्या आतून मिणमिणता, तांबूस उजेड दिसत होता. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. गाडीच्या बाजूला कव्हर वर उचलून एक माणूस कमरेतून वाकून आत शिरला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय आणि पायजम्यातला पार्श्वभाग. आत बटण फिरल्याचा खट असा आवाज झाला आणि उजेड गेला. मग तो माणूस मागे सरकला, दार आवाज न करता लावलं, कव्हर नीट ओढून कोपरे सारखे केले. चादरीच्या घड्या घालाव्यात इतक्या काळजीने.

वळला तर समोर आई.

"आई? तू इथे कशाला? थंडी आहे खाली." चेहऱ्यावर हसूसुद्धा आलं. तेच हसू.

"काहून रे?" वेणूबाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

"अगं, दिवे राहिले होते लागलेले. मी दूध आणायला आलो, तर..."

"काहून केलं म्हणते मी."

अभिनवने इकडेतिकडे पाहिलं. मग तो जवळ आला आणि कुजबुजत्या, समजूत घालणाऱ्या स्वरात बोलू लागला. ताप आलेल्या लेकराशी बोलावं तसं. "हे बघ आई, तू शांतपणे ऐक. सहा महिने ती तिकडे गेली असती तर घराचं काय? तुझं बीपी, तुझ्या गोळ्या. मी दिवसभर ऑफिसात. तुझ्याकडे कोण बघणार? तिला तोंडावर नाही म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. मला घरात भांडण नको होतं. तुझ्यासाठीच केलं गं मी."

वेणूबाईंच्या नवऱ्याने, रंगरावांनी, लग्नानंतर शाळेत जायला तोंडावर नाही म्हटलं होतं. सासूच्या, दिरांच्या देखत. त्या रडल्या होत्या, भांडल्या होत्या, आठवडाभर अबोला धरून शेवटी गेल्या होत्या. त्या माणसाशी भांडता तरी आलं. हा तर पाठीवरून हात फिरवत पायाखालची फळी काढत होता, आणि वर म्हणत होता, आईसाठी.

"माझं नाव घेऊ नको," त्या म्हणाल्या. "अन् त्या संपतचं काय?"

"त्याला मिळेल कुठेतरी. वॉचमनच्या कामाला काय तोटा आहे पुण्यात?" मग एकदम त्यांचे हात धरून तो म्हणाला, "आई, रुपाला सांगू नको. शपथ आहे तुला माझी."

वेणूबाईंनी आपले हात सोडवून घेतले आणि लुगड्याला पुसले. आपण हे काय केलं ते त्यांच्या नंतर लक्षात आलं. पोटच्या पोराचा स्पर्श त्यांनी पुसून टाकला होता.

त्या वर गेल्या. रुपाली आवरून दाराशी बसली होती, बॅग मांडीवर घेऊन. वेणूबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. "तुझ्यासाठी केलं" हे वाक्यसुद्धा.

रुपाली रडली नाही. "मी कालच रिक्षा सांगून ठेवली होती," ती म्हणाली. "गाडी बंद असणार हे मला माहीत होतं. पण माझी चूक व्हावी असं वाटत होतं." आणि जिन्यात समोरून येणाऱ्या अभिनवच्या बाजूने, अंग चोरून, ती उतरून गेली. त्याचा सदराही आपल्याला लागू नये असं. त्याच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या.

संध्याकाळी तो रडला. माफी मागितली, फुलं आणली, तिच्या आवडीची भाजी केली. ते सगळं वेणूबाईंनी पाहिलं आणि त्यांना वाटलं की हा आता रडून पुन्हा तेच करतो आहे. रुपालीने भाजीला हात लावला नाही. आठ दिवसांत तिने वाकडला, कंपनीजवळ, एका मैत्रिणीबरोबर राहायची सोय केली. सामान गाडीत भरताना वेणूबाई म्हणाल्या, "मलाही ने तुझ्याबरोबर. स्वयंपाक करीन, तुला आधार होईल."

रुपालीने डिकीचं झाकण लावलं.

"आई, तुमचं काही चुकलं नाही. पण तुम्ही हसलात की तो दिसतो मला." तिने वाकून नमस्कार केला. "मला जमणार नाही."

वेणूबाईंना ते लागलं, पण खोटं वाटलं नाही. आरशात त्यांनाही हल्ली तेच दिसत होतं.

त्या सेक्रेटरींकडे गेल्या. चार माणसं बसलेली असताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की बॅटरी माझा मुलगा उतरवत होता, संपतचा काही दोष नव्हता. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पहारेकऱ्याला काढता येतं, बाई. तुमच्या मुलाला काढता येत नाही. फ्लॅट त्याच्या नावावर आहे."

"पण संपतला परत घ्या."

"एजन्सीशी करार झाला आहे." एवढं बोलून त्यांनी पुढचा विषय काढला. पाण्याच्या टाकीचा.

संपतचा पत्ता लागायला वेळ लागला. मांजरी गावाच्या पुढे एका इमारतीच्या बांधकामावर तो पहारा करत होता. सिमेंटच्या गोण्यांना टेकून डबा खात होता. वेणूबाईंना बघून उठायला लागला, त्यांनी हातानेच बसवलं आणि सांगायचं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून.

"आता त्याचं काय करायचं, मावशी," तो म्हणाला. "हितं बरं हाय. फकस्त एक काम करा. माझ्या बायकूला तेवढं सांगा. तिला वाटतंया म्या खरंच गाडीत बसून गाणी ऐकत हुतो. लई बोलती मला."

त्याची बायको जवळच पत्र्याच्या खोलीत होती. वेणूबाई गेल्या, आणि आयुष्यात कधी कुणासमोर घातली नव्हती तशी मान खाली घालून तिला म्हणाल्या, "तुझा नवरा खरं बोलत होता. खोटं माझ्या मुलाने केलं." ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पाणी दिलं.

घरी आता दोघंच होती. अभिनव पूर्वीपेक्षाही गोड बोलायचा. गोळ्या वेळेवर द्यायचा, पायाला तेल लावू का विचारायचा. त्याच्या हातचा पेला घेताना वेणूबाईंच्या जिभेवर कडू चव यायची. तो झोपेत होता त्या वेळी एकदा त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. लहानपणी तापात त्याला मांडीवर घेऊन बसायच्या तोच चेहरा. माया कुठे आटली नव्हती. ती तशीच होती आणि तिच्यावर हा मळ बसला होता, आणि कोणत्या पाण्याने तो जाईल हे त्यांना कळत नव्हतं. त्या महिनाअखेरीस त्यांनी दारव्ह्याच्या घराची साफसफाई करून ठेवायला भाच्याला फोन केला.

हडपसर गाडीतळाच्या बसथांब्यावर अभिनव त्यांना सोडायला आला. यवतमाळची बस लागली होती. पिशव्या त्याने स्वतः वर चढवल्या, पाण्याची बाटली दिली, आणि सगळ्या प्रवाशांच्या देखत पायांशी वाकला. वेणूबाईंनी पाय मागे घेतला. त्याचा हात खालच्या धुळीवर टेकला. जवळच उभ्या एक बाई बघत होत्या.

"पोचल्यावर फोन कर, आई," तो म्हणाला. डोळे पाणावले होते. मग ड्रायव्हरकडे जाऊन त्याने हसून सांगितलं, "दादा, आमच्या आईला जपून न्या बरं का. बीपी आहे तिला."

ड्रायव्हरने कौतुकाने मान डोलावली. वेणूबाईंनी खिडकीची काच ओढून लावली, पदराने तोंड पुसलं आणि बस हलेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसून राहिल्या.